ज्या वर्षी भारताला सुवर्ण जिंकून दिलं, त्याच वर्षी सारिका काळे खो-खो सोडायला निघाली होती

सोलापूर-धुळे महामार्गावर बीडकडून खाली यायला लागलं की वाशी तालुक्यातलं तेरखेडा लागतं. फटाक्यांचं गाव. पुढे येरमाळा, येडशी, धाराशिव आणि मग तुळजापूर. तेरखेड्याचे फटाके, येरमाळ्याची येडाई, तुळजापूरची भवानी आणि अधूनमधून बातम्यांत येणारा दुष्काळ, एवढीच बाहेरच्या माणसाला या जिल्ह्याची ओळख असते.

पण खो-खो खेळणाऱ्या कुणालाही धाराशिव म्हणा, तो आधी पोरींची नावं घेईल. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. भारताच्या मुलींनी फायनलमध्ये नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्या आधी याच जिल्ह्यातून एक मुलगी भारताची कॅप्टन झाली आणि अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचली. तिचं नाव सारिका सुधाकर काळे.

तिचं करिअर मध्येच संपायची वेळ आली होती, आणि त्याला दुखापत हे कारण नव्हतं.

सारिकाचं घर तेव्हाच्या उस्मानाबादेतलं. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नव्हतं. आई शिवणकाम करायची, घरकामं करायची. घर खऱ्या अर्थाने चालायचं ते आजी-आजोबांच्या कमाईवर. मामा-काका क्रिकेटच्या बॅटा आणून देतात असलं हे घर नव्हतं, पण घरातला एक नातेवाईक स्वतः खेळाडू होता. तो तिला 13 व्या वर्षी मैदानावर घेऊन गेला. तिथून खो-खो सुरू झाला.

आता खो-खोच का? कारण या खेळाला काही लागत नाही, असं आपण सगळेच म्हणतो. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि मोकळं मैदान. ना रॅकेट, ना पॅड. कित्येक शाळांत तर पोरं अनवाणी खेळतात. मराठवाड्यातल्या झेडपीच्या शाळांमध्ये हा खेळ टिकला तो यामुळेच.

पण हे अर्धंच खरं आहे. खेळ नीट पाहिला तर कळतं.

मैदानात एका संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक उलट तोंडं करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. समोरचे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, धरलेली दिशा खांब येईपर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन बसलेल्यांच्या मधून कुठूनही निसटता येतं. म्हणून पाठलाग करणारा बसलेल्या साथीदाराच्या पाठीमागे जाऊन ‘खो’ देतो आणि ताज्या दमाचा गडी उठतो. म्हणजे पळणाऱ्या एकाच्या मागे आळीपाळीने नऊ जण लागलेले असतात. पारंपरिक सामन्यात अशी एक पाळी 9 मिनिटांची. सेकंदासेकंदाला वळायचं, वाकायचं, हुलकावणी द्यायची, खांबाला वळसा घालून पुन्हा सुसाट निघायचं. एखादी पळणारी तीन-साडेतीन मिनिटं नाबाद राहिली तर मैदान टाळ्यांनी दणाणतं, ते उगाच नाही.

तर बॅट-पॅड लागत नसेल, पण भरलेलं पोट लागतं. आणि सारिकाकडे नेमकं तेच नव्हतं. पुरस्कार जाहीर झाल्यावर दिलेल्या मुलाखतीत तिने स्वतः सांगितलंय, जवळपास दहा वर्षं तिला दोन वेळच्या जेवणासाठी झगडावं लागलं. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते फक्त खेळाच्या शिबिराला गेल्यावर. शिबिरातला खुराक खेळाडूला जादाचा म्हणून दिला जातो. तिच्यासाठी तेच नीट जेवण होतं. घरच्या परिस्थितीमुळेच आपण खेळाकडे वळलो, असंही ती म्हणाली होती.

अशा पोटावर ती जिल्हा, राज्य करत भारतीय संघात पोहोचली. फेब्रुवारी 2016 मध्ये गुवाहाटी आणि शिलाँगला 12 व्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. या स्पर्धांमध्ये खो-खोचा समावेश पहिल्यांदाच झाला होता. भारतीय महिला संघाची कॅप्टन होती सारिका, आणि संघाने सुवर्ण जिंकलं.

इथपर्यंतची गोष्ट सिनेमाला शोभेल अशी आहे. पण त्याच 2016 मध्ये घरची आर्थिक ओढाताण इतकी वाढली की सारिकाने खेळ सोडायचं ठरवलं. सुवर्णपदकाने घरातला किराणा भरत नाही. क्रिकेटमध्ये भारताच्या कॅप्टनला हा प्रश्न पडणार नाही, खो-खोमध्ये पडतो. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी हा प्रसंग नंतर सांगितला होता. ती खूप खचली होती, खोलीत स्वतःला कोंडून घेतलं होतं. हे त्यांना कळवलं सारिकाच्या आजीने.

आजीने तो निरोप दिला नसता तर? जाधव सरांनी तिची समजूत काढली, बराच वेळ बोलले, आणि ती मैदानावर परतली. तिच्या करिअरचा टर्निंग पॉइंट ते सुवर्णपदक नसून हाच प्रसंग होता, असं त्यांचं म्हणणं. ज्या आजीच्या कमाईवर नातीचं पोट चाललं, तिनेच नातीचा खेळही वाचवला.

पुढे सारिकाला सरकारी नोकरी लागली. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यावर वाद खूप होतात. खो-खोसारख्या खेळात मात्र बहुतेक खेळाडूंचं सगळं गणित नोकरीवरच असतं. 2022 मध्ये सुरू झालेली ‘अल्टिमेट खो खो’ लीगही पुरुषांचीच होती.

2020 मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. त्याआधी खो-खोसाठी हा पुरस्कार 1998 मध्ये शोभा नारायण यांना मिळाला होता. म्हणजे मध्ये तब्बल 22 वर्षं गेली. तेवढ्या काळात कित्येक जणी खेळल्या, जिंकल्या आणि लग्न-संसारात नाहीतर नोकरीच्या शोधात मैदानातून निघून गेल्या. त्याच यादीत शेजारच्या बीडचा पैलवान राहुल आवारेही होता. कोरोनामुळे 29 ऑगस्टचा सोहळा ऑनलाइन झाला. अर्जुन पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी 5 लाखांवरून 15 लाख झाली.

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिका तुळजापूर तालुक्याची क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. शालेय स्पर्धांची पहिली मोठी पायरी तालुक्याचीच असते. गावातल्या शाळेच्या टीमची नावं जिथे नोंदवली जातात आणि पुढे जिल्ह्याला कोण जाणार हे जिथे ठरतं, ती ही पायरी.