खिशातला पहारेकरी



हजिऱ्याच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी क्षणभर उभे राहून पाहा. येणाऱ्या प्रत्येकास पहारेकरी अडवितो, नाव व काम विचारतो, आणि ज्या खात्यात काम असेल तेवढ्यापुरताच पास हाती देतो. नळ दुरुस्त करावयास आलेल्या मनुष्यास कोणी तिजोरीच्या खोलीत नेत नाही. ही दक्षता आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु आपल्या खिशातील मोबाईल फोनच्या फाटकावर असा पहारा आहे काय, आणि असल्यास तो पहारेकरी कोणाचा चाकर आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

फोनमधील हा पहारेकरी म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टीम होय. कॅमेरा, मायक्रोफोन, आपले ठिकाण, परिचितांचे क्रमांक या सर्व खोल्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात. ॲपला यांपैकी काही हवे असल्यास ते तिच्यामार्फत मागावे लागते. आपण मात्र घाईघाईने परवानगी देऊन मोकळे होतो. अमेरिकेत फोनचा दिवा लावण्यापुरते असलेले एक ॲप कोट्यवधी लोकांनी घेतले होते. ते वापरणाऱ्यांचे ठिकाण जाहिरातदारांना कळविते, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने २०१३ साली ठेवला. दिव्याला आपला पत्ता कशासाठी हवा?

अशा फुटकळ माहितीने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्या सुरतेचाच इतिहास आठवावा. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी या शहरावर स्वारी केली. तत्पूर्वी बहिर्जी नाईकांनी येथील बित्तंबातमी काढली होती, असे परंपरा सांगते. तुटक वार्ता एकत्र जुळल्या की त्यांतून सामर्थ्य निर्माण होते. मनुष्य कोठे जातो, केव्हा निजतो, कोणाशी बोलतो, हे ज्यास ठाऊक, त्यास त्या मनुष्याचे मन वळविणे सोपे जाते.

यावर काही तंत्रज्ञांनी उपाय शोधला आहे. अँड्रॉइडचा मूळ आराखडा सर्वांस खुला आहे. बाजारातील बहुतेक अँड्रॉइड फोनांत त्यावर गूगलच्या सेवा बसविलेल्या असतात, व त्यांस इतर ॲपना नसलेले विशेष अधिकार असतात. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींचा, हे येथे ध्यानी घ्यावे. त्याच खुल्या आराखड्यावरून 'ग्राफीनओएस' ही निराळी प्रणाली तयार झाली. गंमत अशी की, ती गूगलच्याच पिक्सेल फोनांवर चालते! तिच्यात गूगलच्या सेवा आरंभी नसतात. बसविल्यास त्या इतर ॲपप्रमाणेच साध्या पासावर राहतात. एखाद्या ॲपचा इंटरनेटशी संबंध तोडता येतो. संपर्कयादी मागणाऱ्यास निवडक नावेच दाखविता येतात. आपल्या देशातही, आयआयटी मद्रासच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या एका कंपनीची 'भारओएस' ही प्रणाली जानेवारी २०२३ मध्ये लोकांसमोर आली.

तथापि हा बदल फुकट पदरात पडत नाही. नवी प्रणाली बसविताना फोनमधील सर्व मजकूर पुसला जातो. बँकांची काही ॲप्स तिच्यावर चालण्यास नकार देतात. ज्या घरी एकाच फोनवर वडिलांचा पगार, आईचे हिशेब आणि मुलांचा अभ्यास चालतो, तेथे वडीलधाऱ्यांस न विचारता असा प्रयोग करणे अविचाराचे ठरेल. शिवाय जी गोष्ट आपण स्वतःच चारचौघांत वाटतो, ती कोणताही पहारेकरी परत आणू शकत नाही.

असो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. हक्क न्यायालय देते. त्याचे जतन मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते. फोन बदलणे सर्वांना साधणार नाही, पण पहारा तपासणे सर्वांस साधेल. आज सायंकाळी घरच्या मंडळींसमवेत फोनमधील परवानग्यांची यादी उघडा आणि प्रत्येक ॲपला फाटकावरचा तो साधा प्रश्न विचारा : "तुझे येथे काम काय?" उत्तर न पटल्यास पास काढून घ्या. घराचे दार लावून घेण्यात कोणाचा अपमान नसतो.