पानातील मीठ गेले, पुडीतील राहिले

गेल्या वर्षी माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका गृहस्थांचा रक्तदाब १६०/१०० च्या खाली उतरेना. वय चौपन्न, पोट सुटलेले. ‘‘डॉक्टर, पानाच्या डाव्या बाजूचे मीठ सोडून सहा महिने झाले,’’ ते म्हणाले. मी विश्वास ठेवला आणि गोळीची मात्रा वाढवली. पुढच्या खेपेस पत्नी सोबत आल्या, तेव्हा उलगडा झाला. डावीकडचे मीठ गेले होते. लोणचे आणि चटणी तिथेच होती. शिवाय रोज संध्याकाळी फरसाणाची पुडी. हे मी आधीच विचारायला हवे होते.

फरसाणात मीठ असते, हे आपणही जाणता. परंतु त्यातील तेल आणि मीठ ही दोन वेगळी दुखणी नव्हेत, हे सहसा लक्षात येत नाही.

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातून गाळले जाणारे सोडियम जवळजवळ दीड किलो मिठाइतके भरते! त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम सूक्ष्म नलिका पुन्हा रक्तात ओढून घेतात. लघवीवाटे जातो तो उरलेला अल्पसा अंश. म्हणूनच या शोषणात किंचित वाढ झाली, तरी शरीरात मीठ व त्यामागोमाग पाणी साठते आणि रक्तदाब चढतो.

ही वाढ घडवून आणण्यात पोटावरच्या चरबीचा मोठा हात असतो. मूत्रपिंडांभोवती साचलेला मेद त्यांच्यावर दाब आणतो. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन अनुकंपी मज्जासंस्थेला चेतवते. स्थूलतेमुळे रक्तात वाढलेले इन्शुलिन नलिकांना सोडियम धरून ठेवण्यास सांगते. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही त्यात भर घालते. परिणामी तेवढेच मीठ सडपातळ माणसाला पचते आणि स्थूल माणसाला बाधते. तळणीचे तेल कमरेचा घेर वाढवते आणि तो घेर मीठ अडवून ठेवतो, असे हे साटेलोटे आहे.

म्हणून स्निग्धांश सरसकट शत्रू ठरत नाही. तेलातील लिनोलेइक आम्लापासून शरीर जी द्रव्ये घडवते, त्यांतूनच मूत्रपिंडात प्रोस्टाग्लॅन्डिने तयार होतात आणि ती सोडियम बाहेर टाकण्यास साहाय्य करतात. अर्थात त्यासाठी जादा तेल ओतण्याची गरज नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र नेमकी हीच प्रोस्टाग्लॅन्डिने रोखतात. आमचे गृहस्थ गुडघ्यासाठी तशीच एक गोळी परस्पर दुकानातून आणून घेत होते. तीही त्या दिवशी पत्नीनेच सांगितली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही, आणि त्यात भाजी, पापड, लोणचे, पाव सारे आले. तेलाचा माझा हिशेब माणशी महिना अर्धा लिटर असा आहे. गृहिणींना तो कंजूष वाटतो, हे मला ठाऊक आहे. ‘आम्ही सैंधव वापरतो,’ असेही पुष्कळदा ऐकू येते. सैंधव हेदेखील मुख्यतः सोडियम क्लोराइडच! पालेभाज्या, कडधान्ये व फळे यांतील पोटॅशियम मात्र मूत्रपिंडांना सोडियम सोडण्यास प्रवृत्त करते. तथापि ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, त्यांनी पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे मीठ’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाला धोका संभवतो. आणि आहार सुधारला म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

चार महिन्यांनी त्या गृहस्थांचे वजन पाच किलोंनी उतरले, रक्तदाब १३४/८४ वर आला आणि मी वाढवलेली मात्रा पुन्हा कमी केली. फरसाणाची पुडी आता फक्त रविवारी येते, असे त्यांच्या पत्नी सांगतात. ते स्वतः त्याविषयी काही बोलत नाहीत.