चालत्या प्रणालीची जोडणी आणि सोडणी

कुळे ते कॅसलरॉक हा ३७ फुटांस एक फूट असा चढ चढण्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडतात. घाट संपताच ती सोडून गाडी लोंढा, गुंजीमार्गे बेळगावकडे निघते. प्रवाशांना उतरावे लागत नाही.

लिनक्स प्रणालीतही नवे उपकरण जोडताच त्याचे ‘मॉड्यूल’ गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, दाखल होऊ शकते. संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही.

खरी कसोटी असते ती काढण्याची. वापरातले मॉड्यूल उपटले, तर त्यावर विसंबलेले काम रिकाम्या झालेल्या स्मृतीत शिरेल आणि सारी प्रणाली कोसळू शकेल. म्हणून कर्नेल प्रत्येक मॉड्यूलचा वापर मोजते. ती संख्या शून्यावर येईपर्यंत काढण्याची साधी आज्ञा नाकारली जाते. ‘एलएसमॉड’ ही आज्ञा दिल्यास ती पडद्यावर दिसते.