जुन्या डिझेल मोटारीची हिवाळ्यातील कुरकुर : ग्लो प्लगांच्या जोडणीचे गणित

अमेरिकेत आजही मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील डिझेल मोटारी रस्त्यावर दिसतात. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या या मोटारींचे इंजिन दीर्घायुषी म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु कडाक्याच्या थंडीत ते सुरू होण्यास नकार देते, तेव्हा दोष बहुधा इंजिनाचा नसून ग्लो प्लगांचा अथवा त्यांच्या तारांचा असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. या जुन्या इंजिनांमध्ये इंधन प्रथम एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते. इंजिन थंड असताना त्या कक्षाच्या भिंती हवेतील उष्णता शोषून घेतात आणि ज्वलनाला आवश्यक तापमान गाठले जात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला एक विद्युत तापक दिलेला असतो. तोच ग्लो प्लग.

आरंभीच्या मोटारींत हे प्लग एकसर जोडणीत असत. एकाच प्रवाहाने सर्व प्लग तापत. त्यामुळे एक जळाला की सारी साखळी तुटे. १९८० च्या सुमारास समांतर जोडणीचे, पेन्सिलच्या आकाराचे प्लग आले. यात रिलेपासून प्रत्येक प्लगला स्वतंत्र तार जाते आणि परतीचा मार्ग इंजिनाच्या धातूतून मिळतो. एक प्लग निकामी झाला तरी उरलेले तापतात; मात्र इंजिन सुरुवातीला थरथरते आणि पांढरा धूर सोडते. दोन्ही प्रकारचे प्लग परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. मूळ जोडणी बदलायची असल्यास प्लग, तारा आणि रिले हे सर्वच बदलावे लागते.

तपासणी सोपी आहे. बॅटरीचे ऋण अग्र सोडवावे, प्लगवरील तार काढावी आणि प्लगचे टोक व इंजिन यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. समांतर जोडणीतील चांगल्या प्लगचा रोध साधारणतः एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. मापकाच्या तारांचा स्वतःचा रोध त्यातून वजा करावा. रोध अमर्याद दिसला, तर प्लग जळालेला आहे. सर्व प्लग ठीक असतील, तर रिलेतील ८० अँपिअरचा पट्टीफ्यूज पाहावा; त्याला पडलेली बारीक चीर नजरेतून सहज सुटते.

खरा धोका जुगाडात आहे. एक ओहमच्या प्लगला ११ व्होल्ट मिळाले तर ११ अँपिअर प्रवाह वाहतो. ३०० डीच्या पाच प्लगांचा मिळून तो ५५ अँपिअर होतो. रिले बिघडल्यावर काही जण साधे बटन आणि बारीक तार वापरून थेट जोडणी करतात. अशी तार तापून आवरण वितळू शकते आणि आग लागू शकते. शिवाय बटन अधिक काळ दाबले गेल्यास प्लगचे टोक फुगते, क्वचित तुटून सिलिंडरमध्ये पडते. बटन वापरायचेच असेल, तर त्याने केवळ योग्य क्षमतेचा रिले चालवावा आणि मुख्य तारेला बॅटरीजवळच फ्यूज द्यावा.

ईथरचा फवारा मात्र कटाक्षाने टाळावा. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो व पिस्टन फोडू शकतो. काही प्लगांच्या किमतीत सुटणारा प्रश्न मग संपूर्ण इंजिनाच्या खर्चावर जातो.