रात्री हाताला मुंग्या येतात? आधी करंगळी तपासा

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाची विरळणी सुरू झाली, की बायकांच्या हातातली कात्री दिवसभर सुटत नाही. सातारा-सांगलीच्या बहुतेक गावांत त्याच हातांना सकाळ-संध्याकाळ म्हशीची धारही काढायची असते. मग एक तक्रार सुरू होते. रात्री दोन-तीनला हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. कुणी त्याला वात म्हणते, कुणी ‘मणक्यात गॅप’ म्हणून गोळ्या घेते. अनेकदा हा असतो कार्पल टनेल सिंड्रोम.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटे वाकवणारे दोरीसारखे नऊ टेंडन आणि मीडियन नर्व्ह नावाची नस त्यातूनच जाते. गर्दी वाढली म्हणून खंबाटकीचा बोगदा रुंद होत नाही, तसाच हाही. आत सूज आली की चेंगरते ती नस. झोपेत मनगट वाकले की दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्री जास्त.

करंगळी काय सांगते?

ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या बाजूला संवेदना देते. करंगळीला नाही. त्यामुळे करंगळी सोडून बाकी बोटांना मुंग्या येत असतील, तर संशय मनगटावर घ्यावा. करंगळीही बधिर होत असेल तर कोपर, मान किंवा मधुमेह यांचाही विचार करावा लागतो. आणखी एक खूण आहे. दोन्ही हात उलटे करून पालथ्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटे खाली ठेवा आणि एक मिनिट थांबा. याच बोटांना मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. खात्रीसाठी नर्व्ह कंडक्शन तपासणी करतात.

हल्ली सगळा दोष मोबाइलवर ढकलायची पद्धत आहे. पण तो संबंध तितका पक्का नाही. जोर लावून पकडणे, वाकलेल्या मनगटाने तेच काम पुन्हा पुन्हा करणे आणि हाताला बसणारी यंत्राची थरथर यांचा संबंध जास्त पक्का आहे. थायरॉइड, मधुमेह, संधिवात, वाढलेले वजन हीही कारणे असतात. गरोदरपणातला त्रास बाळंतपणानंतर बहुधा कमी होतो.

आराम कशाने?

सुरुवातीचा उपाय स्वस्त आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, चार-सहा आठवडे रोज रात्री लावायचा. घट्ट आवळायचा नाही. वेदनाशामक गोळ्यांनी नसेवरचा दाब उतरत नाही. बी-१२ची इंजेक्शने फक्त त्याची कमतरता असेल तरच उपयोगी. धार काढताना अंगठा दुमडून दाबण्याऐवजी पूर्ण मुठीने काढा. कात्रीला धार आणि चांगली स्प्रिंग हवी. बोथट कात्री जोर मागते आणि तो मनगटावरच येतो. अधूनमधून दोन मिनिटे हात मोकळा सोडा.

एवढ्याने भागले नाही तर मनगटात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. काही आठवडे, कधी काही महिने आराम पडतो.

‘सीझन संपू दे, मग बघू’ हे मात्र इथे महागात पडते. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी धरून पाहा. एका बाजूचा सपाट दिसत असेल, सुई किंवा ब्लाउजचे हूक हातातून निसटत असतील, दिवसाही बधिरपणा राहत असेल, तर स्प्लिंटवर वेळ घालवू नका. स्नायू एकदा आटला की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण ताकद परत येईलच असे नाही.

शस्त्रक्रियेत तो जाड पट्टा कापून नसेला जागा करून देतात. ती बहुधा फक्त हात बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. हलकी कामे लवकर जमतात, पण घट्ट पकडीच्या कामाला सहा आठवडे किंवा जास्त लागू शकतात. तारीख घेण्याआधी तेवढे दिवस धार कोण काढणार, हे घरात ठरवून ठेवा.