ताकद ओटीपोटाच्या तळाची

पनवेलच्या बाजारात मासळीची पाटी उचलणारी कोळीण असो, की हार्बर लोकलमध्ये लघवी दाबून सीएसएमटी गाठणारी नोकरदार; ताण पडतो तो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर.

▪ काम : मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून आधार.

▪ सैल का पडतात? बाळंतपण, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, रजोनिवृत्ती, सततची जड ओझी.

▪ लक्षणे : शिंकताना लघवीचे थेंब, खाली जडपणा, ‘अंग बाहेर येणे’.

▪ व्यायाम : अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेला. वारा रोखताना आवळतो ते स्नायू ५ सेकंद आवळा, ५ सेकंद सैल सोडा. असे १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. गुण यायला साधारण ३ महिने लागतात.

▪ हंडा उचलताना : गुडघ्यांत वाका, आधी हे स्नायू आवळा, श्वास सोडत उचला.

▪ शस्त्रक्रिया : अंग बाहेर आल्यास गर्भाशय न काढता त्याला पट्टीचा आधार देणारी एक पद्धत मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांच्या नावाने ओळखली जाते.

दुखणे अंगावर काढू नका. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना वेळीच दाखवा.