फाल्गुनात आवरलेलं घर वैशाखात कामी येतं

होळी पेटली की माझ्या डोक्यात घराचा हिशेब सुरू होतो. होळी ते पाडवा असा पंधरवडा हाताशी असतो आणि वर्षातली सगळ्यात उपयोगी कामं त्यातच होतात, असं माझं पक्कं मत आहे. दिवाळीची आवराआवर लक्ष्मीसाठी आणि पाहुण्यांसाठी, फाल्गुनातली उन्हाळ्यासाठी. आपला वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. झाडांना पालवी फुटते तीच मुळी ऊन तापायला लागल्यावर. म्हणून या दिवसांत घराला नवं रूप द्यायचं तर ‘काय छान दिसेल’ याच्याआधी ‘काय गार राहील’ हे ठरवायचं. एवढ्यानं निम्मी खरेदी आपोआप गळते.

आम्ही नाशिकला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट गच्ची, बैठकीच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. या कामांसाठी मी पाच हजार रुपये बाजूला काढते आणि सगळं त्यातच बसवते.

आधी ऊन, मग पैसे

पहिल्या आठवड्यात पाकिटाला हातही लावायचा नाही. गाद्या, उशा, गोधड्या गच्चीवर टाकायच्या, दुपारी एकदा उलटायच्या, ऊन उतरायच्या आत खाली आणायच्या. थंडीच्या रजया आणि स्वेटर ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावरच ट्रंकेत भरायचे. गरम कपडे तसेच दाबून भरले की आत दमटपणा कोंडतो. मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते. पाडव्याच्या सुमारास कडुनिंब बाजारात मुबलक असतो, जास्तीच्या दोन जुड्या घेऊन सावलीत वाळवल्या की काम होतं.

मग पंखे. पाती पुसायला जुना अभ्रा घ्यावा. पात्यावर चढवून बाहेर ओढला की धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर पडत नाही. पुसूनही पंखा मंदच फिरत असेल तर नव्याच्या मागे लागण्याआधी इलेक्ट्रिशियनला कंडेन्सर तपासायला सांगा. बहुतेक वेळा तोच कमजोर झालेला असतो आणि तो अगदी स्वस्तात बदलून मिळतो. खिडक्यांच्या जाळ्याही काढून धुवा. धुळीनं बुजलेली जाळी निम्मा वारा अडवते.

गच्चीला चुना

माझ्या हिशेबातला पहिला खर्च गच्चीवर होतो. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या दिवसांत भिंतींपेक्षा छप्पर जास्त तापतं. काळपट पडलेला स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्री ती खाली खोलीत सोडतो. रात्री पंखा गरम हवा फेकतो, त्याचं कारण हेच. पांढरा पृष्ठभाग मात्र ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकतो. अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा तयार केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा चुना देण्याचा उपक्रम हाती घेतला. मोठ्या शहरानं जे केलं ते एका गच्चीवर सहज जमतं, फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारावं.

गच्ची झाडून, धुऊन वाळवायची. भेगा दिसतील त्या आत्ताच बुजवायच्या, कारण स्लॅब या दिवसांत कोरडा असतो आणि जूनमधली गळती इथेच थांबते. चुना भिजवलेल्या भुकटीचा घ्यावा. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी उकळायला लागतं, ते काम जाणकारावरच सोपवावं. भुकटी पाण्यात कालवून गाळायची, चिकटण्यासाठी थोडं फेव्हिकॉल घालायचं आणि रुंद ब्रशनं दोन-तीन पातळ हात द्यायचे. जाड हात दिला तर वाळताना पोपडे सुटतात. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. वाळल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. पहिल्या जोरदार पावसांत बराचसा धुऊन जातो, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. चुना, फेव्हिकॉल, ब्रश मिळून हजाराच्या आसपास जातात. आमच्या घरात याहून गुणाचा खर्च दुसरा नाही.

भिंत एकच, पण नीट

सगळं घर रंगवायचं म्हटलं की लोक घाबरतात आणि काहीच करत नाहीत. मी एकच भिंत निवडते, दारातून आत आल्यावर समोर दिसते ती. दहा बाय दहाच्या भिंतीला दोन हात द्यायला साधारण दीड ते दोन लिटर इमल्शन पुरतं. रंग फिका घ्यायचा: ताकासारखा पांढरा किंवा अगदी हलका पिवळा. फिक्या भिंतीवर उजेड पसरतो, त्यामुळे पडदे ओढूनही दुपारी दिवा लावावा लागत नाही. भिंतीला ओल असेल किंवा लोणा लागला असेल तर त्यावर रंग देऊ नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर रंगाचे पैसे फुकट जातात.

साडीचे पडदे

पश्चिमेच्या खिडकीला पडदा हवाच. माझ्या पडद्यांसाठी आईच्या सुती साड्या निघाल्या. सहावारी साडी साडेपाच मीटरची असते. चार फुटी खिडकीला एक मीटर साठ सेंटीमीटरचे तीन तुकडे निघतात. दोन तुकड्यांत खिडकी छान चुण्यांसह झाकते, तिसऱ्यात उशांचे अभ्रे होतात. काठ दोन्ही कडांना उभे उतरतात, वेगळी सजावट लागत नाही. उन्हानं सुती कापड विरतं, म्हणून काचेच्या बाजूनं जुन्या धोतराचं अस्तर लावावं. शिलाईपुरता खर्च येतो आणि आईचे रंग रोज डोळ्यांसमोर राहतात, याचं मला फार समाधान आहे.

सकाळी दहाच्या आत पडदे ओढायचे, सूर्य मावळला की सगळ्या खिडक्या उघडायच्या. नाशिकच्या कोरड्या हवेत रात्र बरीच गार होते, ती आत घ्यायला पैसे पडत नाहीत.

वाळ्याचा पडदा नाशकात, खानदेशात, विदर्भात उत्तम. ओल्या वाळ्यातून कोरडी हवा जाते तेव्हा पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. मुंबईकरांनी आणि कोकणातल्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत. तिथली हवा आधीच दमट, पाणी उडत नाही आणि खोली कोंदते. त्यांनी समोरासमोरच्या खिडक्या मोकळ्या ठेवून वारा खेळवावा.

शोभेचं शेवटी

उरलेल्या पैशांत कुंभाराकडून एक माठ. तो दिवसभर पाण्यात भिजवून मग वापरायला काढावा आणि आतून साबण लावू नये. पाणी गार होतं ते मातीच्या बारीक छिद्रांतून झिरपून उडाल्यामुळे. कुंड्यांच्या मातीवर नारळाच्या शेंड्या पसराव्यात, माती लवकर सुकत नाही. मनी प्लांटचं कलम शेजारून मागून आणावं. तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासावीत आणि लगेच कोरडी पुसावीत, नाहीतर पुन्हा काळवंडतात.

आणि दारात चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर घरी असते, तेव्हा ही रांगोळी काढतात: गौरीचा पाळणा, सूर्य-चंद्र, शंख, कमळ, गोपद्मं, कासव, तुळशीवृंदावन. फ्लॅटच्या दारासमोर दोन फूट फरशीला गेरूचा हात दिला की पुरे. हळदीकुंकवाला, कैरीच्या डाळीसाठी आलेल्या बायका आधी तिथे थांबतात, विसरलेलं एखादं चिन्ह आठवून सांगतात. एका रांगोळीच्या पुडीत घराला एवढी शोभा आणणारं दुसरं काही मला माहीत नाही.

नव्यानं संसार मांडणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे: सगळे पैसे पाडव्याला संपवू नका. हजारभर रुपये मे महिन्यासाठी राखा. मेमधल्या एखाद्या दुपारी तीन वाजता घरातल्या प्रत्येक भिंतीला आतून हात लावून पाहा. जी सगळ्यात जास्त तापलेली लागेल तिच्या खिडकीला सावली करा, बाहेर कुंड्या मांडा, जमेल ते करा. पुढच्या वर्षीच्या यादीत पहिला क्रमांकही तिचाच लिहून ठेवा.